कौलाची दिशा

निवडणुकीचे निकाल लागले की दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत एक शब्द मोठ्या अक्षरांत हमखास भेटतो: कौल. जनतेने कौल दिला, मतदारांचा कौल अमक्या पक्षाला मिळाला, शहरांचा कौल वेगळा आणि खेड्यांचा वेगळा. २३ नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांची मोजणी झाली, तेव्हाही हाच शब्द सर्वांच्या तोंडी होता. निकालानंतरच्या दिवसांत गावच्या वाचनालयात, गृहसंस्थेच्या गच्चीवर, देवळाच्या सभामंडपात किंवा बचत गटाच्या मासिक बैठकीत बोलणे हळूहळू एकाच प्रश्नापाशी येते: आता नव्या सरकारने आधी काय करावे? कोणी पाण्याचे नाव घेतो, कोणी कांद्याच्या भावाचे, कोणी सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या पदांचे, कोणी मुलांच्या नोकऱ्यांचे. मग कुणीतरी वही उघडून यादी करू लागतो. एक कलम वर न्यायचे तर दुसरे खाली घ्यावे लागते आणि खरा वाद तिथे सुरू होतो. ही बैठक आणि ही यादी आपल्याला लोकशाहीबरोबर आयती मिळाली, असे वाटणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात तिच्यामागे काही शतकांची वाट आहे, आणि त्या वाटेवर कौल ह्या शब्दाची दिशाच उलटी झाली आहे. आपण ती वाट सुरुवातीपासून चालून पाहू.

कौल हा मूळचा अरबी शब्द. अर्थ बोल, वचन. फारसी दप्तरांतून तो मराठीत आला आणि पेशवाईअखेरपर्यंतच्या कागदपत्रांत ठायी ठायी आढळतो. त्या काळी कौल देई ते सरकार आणि घेई ती रयत. लढाई, दुष्काळ किंवा अंमल बदलताना झालेली लुटालूट ह्यांनी गाव उजाड होई. कुणबी गुरेढोरे घेऊन परागंदा होत. नव्या अंमलदाराला महसूल हवा असेल तर आधी माणसे परत आणणे भाग असे. मग तो कौल धाडी: या, जमीन कसा, पहिल्या वर्षी सारा नाममात्र, दुसऱ्या वर्षी थोडा अधिक, असा चढत चढत ठरल्या वर्षी पुरा. ह्या चढत्या आकारणीला इस्तावा म्हणत, आणि पडीत जमीन लागवडीस आणण्याचा तो रुळलेला मार्ग होता. बाजारपेठा वसत त्याही अशाच कौलाने: शेटे-महाजनांना पेठ वसवण्याचा हक्क, उदम्यांना काही वर्षांची करमाफी. हे कागद वाचताना आपल्या लक्षात येते की कौलात वर्षे असत, दर असत, कोणी काय करायचे हेही असे. कौल अटींसकट लिहिलेला असे. नव्या सत्तेची पारख त्या अटी पाळण्यावरून होई. आणि त्या मोडल्या गेल्या तर रयतेच्या हाती शेवटचा उपाय एकच उरे, पुन्हा गाव सोडण्याचा.

रयतेच्या बाजूने बोलण्याचे काम गावची पांढरी करी. काळी म्हणजे शेतजमीन आणि पांढरी म्हणजे वस्ती. पण कागदांत पांढरी हा शब्द त्या वस्तीतल्या समस्तांसाठीही येतो. वतनाचा तंटा असो की शिवेचा, गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा लेख, म्हणजे महजर, लिहिला जाई. त्यावर पाटील, कुलकर्णी, बलुतेदार, शेटे-महाजन ह्यांची नावे असत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याच्या अवजाराची निशाणी करी. पाटलाच्या नावाशी नांगर काढलेला असे. ही समानांची सभा नव्हती. कोणी कुठे बसायचे ते जातीने ठरवलेले होते आणि स्त्रिया तिथे अपवादानेच दिसतात. तरी त्या नांगराच्या निशाणीत पुढच्या काळासाठी एक बीज होते: निर्णय कोणाच्या उपस्थितीत झाला आणि तो कोणाकोणाला बांधील आहे, हे कागदावरच दिसले पाहिजे. गोव्यात ह्याचेच निराळे रूप आढळते. तिथे गावची जमीन आणि गावची कामे गावकऱ्यांच्या सभा पाहत. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा जिंकून घेतले, पण राज्य चालवायचे तर ह्या सभांना वगळता येईना. म्हणून १५२६ मध्ये अफोन्सो मेशिया ह्या महसूल अधिकाऱ्याने तिसवाडीतल्या गावकऱ्यांचे हक्क आणि चालीरीती लिहून काढल्या. तो लेख फोराल ह्या नावाने ओळखला जातो. नव्या सरकारने जुन्या गावाला त्याच्या रीती विचारून नोंदवल्याचा हा आपल्या बाजूचा एक आरंभीचा दाखला आहे.

कोकणात आणि गोव्यात कौलाचे दुसरे घर होते देऊळ. गाव जमे, गुरव ग्रामदेवतेपुढे उभा राही आणि मूर्तीला पाकळ्या किंवा कळ्या लावून उजवा-डावा कौल मागितला जाई. पेरणी केव्हा, जत्रा केव्हा, रोगराई आली तर काय करावे, असे प्रश्न असत. कौल घेण्यापूर्वी प्रश्न नेमका करावा लागे, कारण उत्तर उजवे किंवा डावे एवढेच मिळणार. देवापुढे गावाच्या वतीने घातले जाते ते गाऱ्हाणे. आजही सिंधुदुर्गातल्या देवळांत त्याच्या प्रत्येक कलमाला जमलेली माणसे एका सुरात ‘व्हय महाराजा’ म्हणतात. पुढे सरकारदरबारी नेलेल्या तक्रारीलाही मराठीने गाऱ्हाणे हाच शब्द वापरला. देवासमोर आणि सरकारसमोर मागणे मांडण्याची रीत मराठी मनाने एकाच शब्दात ठेवली, ह्यात मला एक खोल शहाणपण दिसते. मागणारा एकटा नसावा, मागणे सर्वांसमोर उच्चारले जावे आणि बाकीच्यांनी त्याला होकार भरावा.

१८१८ नंतर पेशवाई गेली आणि कौल देणारी सत्ता सातासमुद्रापलीकडे जाऊन बसली. ईस्ट इंडिया कंपनीला हिंदुस्थानचा कारभार करण्याची सनद ब्रिटिश पार्लमेंट देई आणि दर वीस वर्षांनी तिचे नूतनीकरण होई: १८१३, १८३३, १८५३. आज पाच वर्षांनी निवडणूक येते तशी ती त्या काळची संधी होती, आणि मुंबई-पुण्यातल्या नव्या शिकलेल्या मंडळींनी ती हेरली. ‘प्रभाकर’ पत्रात १८४८ पासून शतपत्रे लिहिणाऱ्या लोकहितवादी गोपाळ हरी देशमुखांनी हिंदुस्थानाला स्वतःचे पार्लमेंट असावे हा विचार मराठी वाचकांपुढे आणला होता. २६ ऑगस्ट १८५२ रोजी मुंबईत बॉम्बे असोसिएशनची स्थापना झाली. जगन्नाथ शंकरशेट अध्यक्ष, डॉ. भाऊ दाजी लाड, दादाभाई नौरोजी, नौरोजी फर्दुनजी अशी माणसे सोबतीला. सनदेचे नूतनीकरण तोंडावर असताना त्यांनी पार्लमेंटकडे अर्ज धाडला. कारभाराच्या मंडळात हिंदी माणसे घ्यावीत, वरच्या नोकऱ्या त्यांना खुल्या कराव्यात, राज्यकारभाराचा खर्च आटोक्यात आणावा, असा त्याचा रोख होता. उत्तर लगेच आले नाही. पण १८६१ च्या कायद्याने प्रांतिक कायदेमंडळात हिंदी सभासद घेण्याची सोय झाली आणि १८६२ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात जगन्नाथ शंकरशेटांची नेमणूक झाली. यादीतले एखादे कलम फळाला यायला दहा वर्षे लागू शकतात, हा धडा इथे पहिल्यांदा मिळाला. मात्र ही मंडळी आपल्या तोलामोलावर बोलत होती. तुम्ही कोणाच्या वतीने बोलता, असे सरकारने विचारले असते तर दाखवायला त्यांच्याकडे कागद नव्हता.

तो कागद पुण्याने तयार केला. पर्वती देवस्थानच्या कारभाराविषयी नागरिकांच्या तक्रारी होत्या. त्या निमित्ताने माणसे जमली, आणि निमित्त मागे पडून २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. तिचे प्राण होते वकील गणेश वासुदेव जोशी, ज्यांना लोक पुढे सार्वजनिक काकाच म्हणू लागले. सभेच्या नियमांतला एक नियम मला ह्या सबंध इतिहासातले मोठे वळण वाटतो. सभासद व्हायचे तर किमान ५० प्रौढ माणसांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. ही माणसे सांगत, आमच्या वतीने हा बोलेल. आरंभीच्या ९५ सभासदांमागे अशी सुमारे ६,००० माणसे होती. मतदानाचा हक्क कोणालाच नव्हता, कोणतेही विधिमंडळ निवडून येत नव्हते. तरी पुण्यात घरोघर जाऊन सह्या घेऊन लोकांनी आपले प्रतिनिधी नेमले. महजरावरची नांगराची निशाणी आता मुखत्यारपत्रावरच्या सहीत उतरली होती. तिने गावाच्या हद्दीबाहेरच्या, अनोळखी माणसांच्या वतीने बोलण्याचा अधिकार निर्माण केला.

१८७१ च्या अखेरीस महादेव गोविंद रानडे न्यायाधीश म्हणून पुण्यात आले आणि सभेच्या कामाला दुसरी शिस्त लागली: मागण्याआधी तपासण्याची. १८७२ मध्ये सभेने शेतकऱ्यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी उपसमिती नेमली, जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि पुढच्या वर्षी अहवाल तयार केला. वाढवलेल्या साऱ्याचा भार आणि सावकारी कर्ज ह्यांनी कुणबी पिचला आहे, हे त्यातून पुढे आले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या-खते जाळली आणि दंगे आसपासच्या गावांत पसरले. अहवाल ज्याविषयी सांगत होता ते रस्त्यावर आले होते. १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. १८७६-७८ च्या दुष्काळात सभेने जिल्ह्यांतून आपली माणसे पाठवून पिके, मजुरी, मृत्यू ह्यांची माहिती मिळवली आणि सरकारला एकामागून एक पत्रे लिहिली. सरकारी आकड्यांच्या शेजारी लोकांनी मिळवलेले आकडे ठेवायचे, ही रीत तिथे पक्की झाली. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीला दरबार भरला, तेव्हा राजेरजवाड्यांच्या जरतारी गर्दीत सार्वजनिक काका हातकताईच्या खादीच्या पोशाखात सभेचे मानपत्र घेऊन गेले होते. १८७८ पासून सभेचे त्रैमासिक निघू लागले. पुढे गोपाळ कृष्ण गोखले ह्याच त्रैमासिकाच्या कामात रानड्यांच्या हाताखाली घडले. अंदाजपत्रकातला आकडा न् आकडा उलगडून सरकारला जाब विचारणारी त्यांची भाषणे पुढे देशभर गाजली, त्यांचे मूळ ह्या अभ्यासाच्या बैठकीत आहे.

पण यादी कितीही अभ्यासाने केली तरी ती करायला बसले कोण, हा प्रश्न उरतो. पुण्यातच, त्याच वर्षांत, तो सर्वांत कणखरपणे विचारला जोतीराव फुल्यांनी. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. सार्वजनिक सभेच्या आणि नंतरच्या राष्ट्रीय सभेच्या, म्हणजे काँग्रेसच्या, नावात सर्व लोक असले तरी बैठकीत शूद्रातिशूद्र शेतकरी कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासद असताना १८८० मध्ये गव्हर्नर जनरलच्या स्वागतासाठी १,००० रुपये खर्चण्याचा ठराव आला. विरोधात मत पडले ते एकट्या जोतीरावांचे. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे. प्राधान्य ह्या शब्दाचा अर्थ ह्या एका मताइतका स्वच्छ क्वचितच कोणी सांगितला असेल. १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे निवेदन देताना त्यांनी हाच धागा पुढे नेला. सरकारचा महसूल कष्टकऱ्यांच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे वळतो, हे दाखवून निदान १२ वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी त्यांनी केली. उच्च शिक्षण आधी की प्राथमिक, ह्या वादात दोन्ही बाजूंची माणसे सुधारकच होती. कोणाच्या घरातून पाहायचे, एवढ्याने यादीचा क्रम बदलत होता.

ह्यानंतरची वर्षे आपण भरभर ओलांडू. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाच्या हाती गेली. रानड्यांनी १८९६ मध्ये डेक्कन सभा काढली. त्याच सुमाराच्या दुष्काळात सार्वजनिक सभेने कायद्याने मिळणाऱ्या सुटीची माहिती शेतकऱ्यांपर्यंत नेली आणि १८९७ मध्ये सरकारने सभेची मान्यता काढून घेतली. सभा दुभंगली तरी बैठकीची सवय मोडली नाही, उलट बैठका वाढल्या, आणि आजवर ज्यांना आत जागा नव्हती त्यांनी स्वतःच्या बैठका भरवल्या. १९१८ च्या कायद्याने नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले, तेव्हा पुण्यात वाद पेटला: पैसा अपुरा आहे, तर आधी मुलांची सक्ती करावी, मुलींचे नंतर पाहावे. १९२० मध्ये रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने पुण्याच्या स्त्रिया मुलींच्या शिक्षणासाठी रस्त्यावर उतरल्या. ‘नंतर’ ह्या शब्दाला त्यांनी दिलेले ते उत्तर होते. यादीत मागे पडलेले कलम बहुधा बैठकीत नसलेल्या माणसाचे असते, हे जोतीरावांनी म्हटले होते आणि ह्या स्त्रियांनी ते चालत जाऊन सिद्ध केले.

त्या काळाचे सर्वांत सलग उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या कामात सापडते. जानेवारी १९१९ मध्ये मताधिकाराचा विचार करणाऱ्या साउथबरो समितीपुढे त्यांनी साक्ष दिली आणि अस्पृश्यांना मताचा व प्रतिनिधित्वाचा हक्क मागितला. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली; मे १९२८ मध्ये तिच्या वतीने सायमन आयोगाला तपशीलवार निवेदन गेले. मधल्या काळात एक कटू अनुभव आला होता. सीताराम केशव बोले ह्यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने १९२३ मध्ये संमत केला, महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले झाल्याचे जाहीर केले, पण कागदावर खुले झालेले चवदार तळे प्रत्यक्षात बंदच राहिले. २० मार्च १९२७ रोजी हजारो माणसे तळ्यापर्यंत चालत गेली तेव्हा त्या ठरावात जीव आला. १९३७ मध्ये प्रांतिक निवडणुका झाल्या आणि जुलैमध्ये बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ मुंबई प्रांतात अधिकारावर आले. आपल्या प्रांतात निवडणुकीतून आलेले आणि बऱ्याच व्यापक अधिकाराचे हे पहिले सरकार. त्याच्यापुढे यादी ठेवण्याची पाळीही म्हणून नवी होती. सप्टेंबर १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती, म्हणजे कोकणातली वतनी जमीनदारी, नष्ट करण्याचे विधेयक मांडले. जानेवारी १९३८ मध्ये कोकणातले हजारो शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चाने आले आणि त्यांच्या शिष्टमंडळाने मुख्यमंत्री खेरांची भेट घेतली. सरकारच्या यादीत दारूबंदी वर होती. दारूचा महसूल सोडून द्यायचा तर शिक्षणाचे काय, असे बाबासाहेब विधिमंडळात विचारीत होते. खोती नष्ट करणारा कायदा झाला १९४९ मध्ये. विधेयक मांडल्यापासून मोजली तर बारा वर्षे, आणि त्या बारा वर्षांत कोकणातल्या कुळांनी बैठका थांबवल्या नव्हत्या.

प्रजासत्ताकाने प्रत्येक प्रौढ माणसाला मत दिले आणि १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत कौलाची दिशा पुरती फिरली. देणारी रयत झाली, घेणारे सरकार. इतके मोठे स्थित्यंतर शब्दाने निमूटपणे अंगावर घेतले. मात्र ह्या उलटापालटीत एक गोष्ट हरवली. सरकार रयतेला कौल देई तेव्हा त्यात वर्षे आणि दर लिहिलेले असत; रयत सरकारला कौल देते तेव्हा पूर्वी मतपत्रिकेवर शिक्का उमटे, आता यंत्राचे बटण दाबले जाते, अटी लिहायला जागाच नाही. मग कौलाचा अर्थ जो तो आपापल्या परीने लावतो. गोव्याने हे फार स्पष्ट अनुभवले. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात विलीनीकरण हा कार्यक्रम घेऊन उभा राहिलेला महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष विजयी झाला आणि दयानंद बांदोडकर मुख्यमंत्री झाले. हा विलीनीकरणाला कौल, असे एका बाजूचे म्हणणे. सरकार निवडणे वेगळे आणि राज्याचे भवितव्य ठरवणे वेगळे, असे डॉ. जॅक सिक्वेरांच्या युनायटेड गोवन्स पक्षाचे. अखेर १६ जानेवारी १९६७ रोजी तो एकच प्रश्न वेगळा काढून लोकांपुढे ठेवला गेला. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० मते पडली आणि केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळे राहण्याच्या बाजूने १,७२,१९१. मराठीत ह्या घटनेचे नाव जनमत कौल. देवळात गुरव करतो तसा प्रश्न नेमका केला आणि उत्तर उजवे की डावे ते निःसंदिग्ध मिळाले. पण प्रत्येक प्रश्नासाठी असा कौल लावता येत नाही. रस्ता आधी की दवाखाना, बंधारा आधी की गोदाम, ह्यांची उत्तरे सतत बसून, बोलूनच काढावी लागतात.

ते बसणे गावापर्यंत नेण्याचा रस्ता महाराष्ट्राने लवकर धरला. वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला राज्यघटनेत स्थान मिळाले. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभेला अधिक अधिकार दिले. पण कायद्यातली ग्रामसभा आणि जिवंत ग्रामसभा ह्यांतले अंतर कसे मिटते हे पाहायचे तर आपल्याला गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ह्या छोट्याशा गोंड गावात जावे लागेल. १९८० च्या दशकात इंद्रावती आणि गोदावरीवरच्या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभे राहिले. त्या मंथनातून मेंढ्याने आपली घोषणा घडवली: दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. देवाजी तोफा आणि गावाचे सहप्रवासी मोहन हिराबाई हिरालाल ह्यांच्या सोबतीने गावाने दोन बैठका वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात विषय समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकारालाही बोलवायचे, वाटेल तितके प्रश्न विचारायचे, पण निर्णय घ्यायचा नाही. निर्णय ग्रामसभेत, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचेही मन तयार नसेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. ह्या संथ रीतीने त्यांनी काय मिळवले? २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क, आणि एप्रिल २०११ मध्ये स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार. रानड्यांच्या उपसमितीतली चौकशी आणि गोतसभेतली समस्तांची संमती इथे एकाच गावात पुन्हा भेटली, आणि ह्या वेळी बायाही बोलत्या झाल्या.

शहरांना ही वाट अधिक कठीण गेली, कारण तिथे पांढरी कोणती हेच ठरलेले नाही. तरी पुणे महानगरपालिकेने २००६ मध्ये अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग सुरू केला. आपल्या प्रभागात कोणते काम हवे, पदपथ, दिवे, बसथांबा, ते अर्ज भरून सुचवायचे आणि त्यासाठी रक्कम राखून ठेवायची. त्याच काळात माहितीचा हक्क आला. महाराष्ट्राचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. सार्वजनिक सभेला दुष्काळाचे आकडे मिळवायला जिल्ह्याजिल्ह्यांत माणसे धाडावी लागली होती. आज दहा रुपयांच्या अर्जावर सरकारकडचेच आकडे मागता येतात. साधने कधी नव्हती इतकी हाताशी आहेत. कमी पडते ती बसण्याची चिकाटी आणि आपण कोणाच्या वतीने बोलतो ह्याची शहानिशा.

आता आपण निघालो त्या वाचनालयात परत येऊ. टेबलाभोवती बारा-पंधरा माणसे आहेत, वहीच्या पानावर वीसेक कलमे झाली आहेत आणि पहिली पाच कोणती ह्यावरून आवाज चढला आहे. इतकी वाट चालून आल्यावर मला वाटते की कौल देऊन आपले काम अर्धेच झालेले असते. अटी लिहिण्याचे उरलेले काम इथे, ह्या वहीत व्हायचे आहे, आणि त्याची रीत आपल्याच लोकांनी घालून दिलेली आहे. प्रत्येक कलमापुढे आकडा हवा: दवाखान्यात मंजूर पदे किती, भरलेली किती, नळाला पाणी आठवड्यातून किती दिवस. प्रत्येक कलमापुढे मुदत हवी, इस्ताव्यासारखी वर्षावर्षाने चढत जाणारी. ज्यांचे कलम यादीत खाली गेले ते बैठकीत होते का, हे पाहायला हवे, आणि नसतील तर पुढची बैठक त्यांच्या वस्तीत भरवायला हवी. आणि यादी आमदाराच्या हाती देण्यापूर्वी तिच्याखाली सह्या हव्यात. बारा-पंधरा माणसांच्या सह्या पुरेशा नाहीत. सार्वजनिक काकांनी एका सभासदामागे पन्नास मागितल्या होत्या. टेबलाभोवतीच्या प्रत्येकाने आपल्या गल्लीत फिरून पन्नास घरांना ही यादी वाचून दाखवली, त्यांनी सुचवलेले फेरफार लिहून घेतले आणि मग सही घेतली, तर पुढच्या महिन्यात ह्याच टेबलावर सहा-सातशे माणसांचा शब्द असेल. वहीचे ते पान मग कौलनामा झालेले असेल, अटींसकट लिहिलेला, आणि ह्या वेळी रयतेच्या हातचा.